आज मासळी काय गावली?

ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढली, पण माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांचे चेहरे मला फारसे आठवत नाहीत. पेशंट टेबलावर आला की भूलतज्ज्ञ त्याच्या डोक्याशी जाऊन बसतात, मध्ये हिरवी चादर लागते आणि माझ्या वाट्याला येतं ते फक्त पोट. त्यामुळे मालवणच्या बाजारात कोणी "सिस्टर, वळाखलात?" असं विचारलं की मी नुसती हसते आणि वेळ मारून नेते. पोट दाखवलंत तर सांगेन, असं भर बाजारात म्हणता येत नाही.

शेवटच्या आठ-नऊ वर्षांत मला लिव्हरं मात्र पाठ झाली. त्याला कारण आमचे सर. आमचं हॉस्पिटल ओरोसच्या अलीकडे, हायवेला लागून. त्याचं नाव सांगत नाही आणि पेशंटांची नावंही बदलली आहेत. सर कोल्हापूरचे. महिन्यातून दोनदा घाट उतरून यायचे आणि वजन कमी करण्याची ऑपरेशनं करायचे. सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं, आपल्या जिल्ह्यात कोण येणार या ऑपरेशनाला? आमच्याकडचा माणूस वाढलेल्या पोटाला खात्यापित्या घराची खूण समजतो. पण लोक आले. आधी मुंबईहून गावी परतलेले आले, मग इथलेच.

आता हे ऑपरेशन म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांच्या कल्पना अचाट असतात. यात चरबी काढत नाहीत. पोटाला पाच छोटी भोकं पाडून दुर्बीण आत घालतात आणि जठराचा मोठा भाग कापून बाहेर काढतात. मागे उरतं ते जठर केळ्याएवढं. माणूस थोडक्यात जेवतो, भूकही कमी लागते, आणि वजन उतरतं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की जठरावर लिव्हरचा डावा भाग झाकणासारखा पसरलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसतच नाही. उचलायला लांब दांडीचा एक आकडा असतो, आणि तो धरायचं काम माझं.

चांगलं लिव्हर तांबूस तपकिरी असतं, कडेला पातळ आणि लवचीक. आकडा लावला की मुकाट्यानं वर येतं. पण वजनदार माणसांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली असते. ते पिवळट दिसतं, फुगतं, कडा जाड आणि बोथट होतात, आणि मुख्य म्हणजे ठिसूळ होतं. उकडलेलं रताळं दोन बोटांत उचलून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. म्हणून ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस पेशंटला कडक पथ्य असतं. भात नाही, भाकरी नाही, गोड नाही, तेल नाही, आणि आमच्याकडे जिवावर येणारी गोष्ट, नारळ नाही. ताक, अंडी, उकडलेले मासे, पालेभाजी, पातळ सार. पंधरा दिवसांत लिव्हर आपल्याजवळचा साठा वापरायला लागतं आणि चांगलंच आकसतं. हे पथ्य वजनासाठी नसतं, लिव्हरसाठी असतं. पण हे कोणाला पटतच नाही.

या लिव्हरचं आणखी एक दुखणं आहे. चरबी वर्षानुवर्षं राहिली की लिव्हरला चट्टे पडतात आणि शेवटी ते दगडासारखं होतं. दारू पिणाऱ्याचं होतं तसंच, न पिणाऱ्याचंही. आतल्या गावातले एक काजूवाले अण्णा आमच्याकडे आले होते. एकशे वीस किलो, मधुमेह, आणि पोटात पाणी व्हायला लागलेलं. लिव्हरचा रिपोर्ट बघून मी त्यांना एकदा नाही, तीनदा विचारलं, किती पिता? तिन्ही वेळा ते म्हणाले, थेंबही नाही. तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे जसं बघितलं, ते बघणं त्यांच्या बायकोनं पाहिलं. सरांनी हात लावायला नकार दिला, फार उशीर झाला होता. अण्णा पुढच्या पावसाळ्यात गेले. काही महिन्यांनी बाई मला ओरोसच्या एसटी स्टँडवर भेटल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, खरा सांगा, ते पीत नाय होते मां?"

नव्हते पीत, मी सांगितलं. पण तोवर बाईंनी तो संशय घरात किती दिवस पोसला असेल, आणि तो मीच पेरला होता. आजही त्या स्टँडवर उतरले की मला स्वतःची लाज वाटते.

तर सुलभाची गोष्ट. देवबागला खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर तिचं घर. वय चाळिशीचं, वजन एकशे अठरा. नवरा सदा, पूर्वी मासेमारी करायचा, आता पर्यटकांना बोटीतून फिरवतो. घराला जोडून तीन खोल्या बांधलेल्या, पर्यटक उतरतात, आणि त्यांचं जेवण सुलभा करते. जेवण इतकं चांगलं की एकदा आलेली माणसं दुसऱ्या वर्षी फोन करून आधी मासळी विचारतात, मग खोली रिकामी आहे का ते. तिला मधुमेह होता, गुडघे गेले होते, आणि लिव्हर तपासल्यावर सरांनी तिला समोर बसवून स्वच्छ सांगितलं. चट्टे पडायला लागलेत. आत्ता वजन उतरवलं तर लिव्हर सावरेल. पाच वर्षांनी आलात तर मी काही करू शकणार नाही. सर बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अण्णा होते.

पथ्याचे पंधरा दिवस पेशंटला फोन करायचं काम माझ्याकडे होतं, कारण आहारतज्ज्ञ बाई पुण्याच्या आणि मालवणी येणारी मी. रोज संध्याकाळी सातला मी सुलभाला फोन करायची. काय घेतलंस? ताक, दोन अंडी, पालेभाजीचं सार. छान. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सदा कसल्याशा दाखल्यासाठी ओरोसला आला आणि जाता जाता माझ्यासाठी डबा ठेवून गेला. कोंबडी-वडे. वडे असे फुगलेले की काय सांगू. मी आणि आमच्या थिएटरच्या दोघीजणींनी तो डबा चाटूनपुसून खाल्ला. संध्याकाळी मी सुलभाला फोन करून वड्यांची तारीफ केली आणि मग नेमानं विचारलं, तू सारच घेतेस ना गो? होय, ती म्हणाली.

ज्या घरातली बाई पथ्यावर आहे त्या घरात आडवारी, पर्यटक नसतात अशा मधल्याच दिवशी, कोंबडी-वडे कोणासाठी झाले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. तोंड भरलेलं असलं की प्रश्न पडत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि समोरचा पडदा पिवळा झाला. नुसतं लिव्हर. सरांनी कॅमेरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, जठर कुठे दिसेना. मी आकडा लावला, सर सांगतील तसा हळूहळू उचलला, आणि कडेला लिव्हर फाटलं. रक्त फार नव्हतं, पण झिरपायला लागलं. सरांनी रक्त थांबेपर्यंत ते दाबून धरलं. मग त्यांनी तपासणीसाठी लिव्हरचा बारीक तुकडा घेतला आणि म्हणाले, बंद करू या. जठर पुढच्या महिन्यातही कापता येईल, हे लिव्हर अजून फाटलं तर मात्र पुढचा महिना येणार नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "झाला?"

"नाय गो झाला," मी म्हटलं. "लिव्हर उचलला नाय. तू पथ्य केलंस नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. ऑपरेशनची बातमी वाडीत गेली आणि जो तो तिला जेवायला बोलवायला लागला. लग्न ठरलेल्या मुलीला केळवणाला बोलावतात ना, तसं. आता हिचं पोट केळ्याएवढं राहणार, पुन्हा ही कधी पोटभर जेवणार, म्हणून एका घरी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं, दुसऱ्या घरी घावणे आणि रस, शेजारच्या काकीकडे कोंबडी-वडे. माझ्याकडे आलेला डबा त्याच जेवणावळीतला होता.

"पयल्या दिवशी नाय म्हटलंय," सुलभा म्हणाली. "तर काकी रडाक लागली. पोट कापल्यार माझ्या हातचा तू परत कधी जेवतलंस, म्हणान. मगे मी जेवलंय. एका घराक जेवलंय, मगे दुसऱ्याक नाय कसा म्हणतलंय? तुमका वायट वाटतला म्हणान सांगूक नाय."

मी तिच्यावर भडकले होते, ते खरं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि वडे आठवले.

सदाला सरांनी ऑपरेशनचं चित्रण दाखवलं. असं आम्ही नातेवाइकांना दाखवतो, म्हणजे मागाहून वाद होत नाही. बहुतेक जण मान वळवतात. सदा पुढे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ह्या तर मोरीच्या काळजासारख्या दिसता." मोरी म्हणजे शार्क, आणि काळीज म्हणजे आमच्याकडे लिव्हर. त्याचे वडील मोरीचं काळीज कढवून तेल काढायचे आणि पावसाळ्याआधी होडीच्या लाकडाला लावायचे. एका मोठ्या मोरीत डबाभर तेल निघायचं, वास आठ दिवस जात नसे. हे सगळं त्यानं सरांना सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाला, "पण मोरयेक तरंगूचा असता म्हणान ती तेल साठवता. हिका खंय तरंगूचा आसा?"

सर पुढे कित्येक महिने हे वाक्य पेशंटांना ऐकवत होते, अर्थात कोल्हापुरी मालवणीत.

तुकड्याचा रिपोर्ट आला तो वाईट होता. चट्टे आम्हाला वाटले होते त्याहून पुढे गेलेले. सर दुसऱ्यांदा हात लावायला तयार नव्हते. ती पुन्हा जेवणावळी झोडेल आणि आपण पुन्हा लिव्हर फाडू, असं ते म्हणाले. मी एवढ्या वर्षांत सरांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी म्हटलं, चूक तिची एकटीची नाही, माझीही आहे. मला एक संधी द्या. त्यांनी तीन आठवड्यांचं पथ्य लावलं आणि म्हणाले, जबाबदारी तुमची.

पुढच्या रविवारी मी देवबागला गेले. सुलभाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बायका जमल्या होत्या, काकी अगदी पुढे. साठीची, सडपातळ बाई, डोळ्यांत पाणी तयारच. मी त्यांना पथ्य समजावलं, लिव्हर समजावलं, मोरीचंही सांगितलं. सगळ्या माना डोलावत होत्या. शेवटी काकी म्हणाली, "ता सगळा खरा. पण मगे आमी हिका देवचा काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतकी वर्षं पेशंटांना काय खायचं नाही ते सांगत आले होते. आणि या बायका तिला खाऊ घालण्यावाचून राहूच शकत नव्हत्या. काही करून हातातून एक भांडं त्या घरी जायलाच हवं होतं. मग आम्ही खळ्यात बसूनच ठरवलं. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, उकडून त्यांचं पाणी. तिरफळ घालून उकडलेला बांगडा. शेवग्याच्या पाल्याची भाजी, खोबरं न घालता. साखर न घालता कोकमाची तिवळ. एकेका घरानं एकेक दिवस घ्यायचा. खोबरं नाही म्हटल्यावर एक म्हातारी उठून गेली. अशी भाजी आपण आजाऱ्यालासुद्धा घालत नाही, असं ती पायऱ्या उतरताना मोठ्यानं म्हणाली.

फोन मी चालूच ठेवला, पण प्रश्न बदलला. काय खाल्लंस, असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. मीही बोलते. पण आमच्या किनाऱ्यावर आज मासळी काय गावली या प्रश्नाला कोणी खोटं उत्तर देत नाही. देताच येत नाही, इतकं ते आपसूक तोंडातून बाहेर पडतं. सुंगटं मिळाली. किती? दोन वाटे. कोणी केली? काकीन. कशी? आणि मग इथे उत्तर अडखळलं की समजायचं. सातव्या दिवशी सुलभा अशीच अडखळली. मी काही बोलले नाही, नुसता फोन कानाला धरून राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सुक्या केल्यान. चार खाल्लंय. भात नाय खाल्लो." मी पथ्य आणखी दोन दिवस वाढवलं आणि विषय संपवला. त्यानंतर पंचवीसेक पेशंटांना मी याच पद्धतीनं सांभाळलं. आतल्या गावातल्यांना मासळीऐवजी विचारायची, आज नारळ किती फोडले.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी पडदा पुन्हा पिवळा झाला, पण या वेळी लिव्हरच्या कडेपलीकडे जठराचा कोपरा दिसत होता. मी आकडा लावला. सर म्हणाले, हळू. मी श्वास रोखला आणि ते आलं. जड होतं, पण अख्खं वर आलं. मी तसाच आकडा धरून सव्वा तास उभी होते आणि त्यातला काही वेळ मास्कच्या आत रडत होते. मास्कचा हा एक फायदा आहे.

वजन झपाट्यानं उतरलं की काहींना पित्ताशयात खडे होतात. सुलभाला दीड वर्षानं झाले. तोवर ती बहात्तर किलोवर आली होती. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या आणि ती देवबागहून मालवणला स्कूटरनं येत होती. खडे दुखतात, तिला बिचारीला त्रास झाला, पण मला मनातून बरं वाटलं, कारण दुर्बीण पुन्हा आत जाणार होती. एकच लिव्हर तीनदा बघायला मिळणं हे आमच्या कामात क्वचित घडतं. पडद्यावर ते आलं आणि सरांनी कॅमेरा जरा थांबवला. तांबूस तपकिरी, कडा पातळ. कडेला एक पांढरी रेघ होती, आम्ही फाडलं होतं तिथली. सरांनी पुन्हा एक तुकडा घेतला. रिपोर्टात चरबी जवळजवळ नव्हती. चट्टे कमी झाले होते, सगळे गेले नव्हते. तेवढं खरं सांगायला हवं.

शुद्धीवर येताच तिनं विचारलं, कसा दिसता? मी म्हटलं, "आता माणसाचा दिसता."

गेल्या मे महिन्यात मी रिटायर झाले. चौतीस वर्षांत जोडलेली माणसं, प्रत्येकानं घरी बोलावलं. सिस्टर आता कशाला भेटतायत, म्हणून कोणी सरंगे तळले, कोणी फणसाची सांदणं केली, कोणी आमरस आणि शिरवाळे. मी कोणाला नाही म्हणणार? जूनमध्ये जरा उजवीकडे जड वाटायला लागलं म्हणून आमच्याच हॉस्पिटलात सोनोग्राफी केली. फॅटी लिव्हर, ग्रेड टू. वजन एक्क्याऐंशी. डॉक्टर हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि रात्रभर मला अण्णांची बायको दिसत होती.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण आमचं हॉस्पिटल केवढं, आणि त्यातल्या मुलींची तोंडं केवढी. चार दिवसांनी संध्याकाळी बरोबर सातला फोन वाजला. सुलभा.

"सिस्टर, आज मासळी काय गावली?"

"पावसाची बंदी आसा गो, होडये बंद, मासळी खंयची," मी म्हटलं. "खाडयेतल्यो तिसऱ्यो गावल्यो. मोठ्यो आसत. सुक्या केलंय..." आणि मी थांबले.

"नारळ किती घातलात?"

"अर्धो."

ती काही बोलली नाही. फोन तसाच धरून राहिली. तिच्या मागे समुद्राचा आवाज येत होता.

"एक," मी म्हटलं.